तिकीट अर्धे झाले, गाडीची वेळ मात्र तीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. ही सवलत असावी की नसावी यावर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून आले आहे. आमच्या मते ती असायलाच हवी, आणि तो वाद इथे पुन्हा काढायचा नाही. तिच्यामुळे नकळत झालेल्या एका फायद्याकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. तेव्हापासून पंचाहत्तर वर्षे, बायका कोणत्या वेळी, कुठून कुठे जातात हे वाहकांना अनुभवाने ठाऊक होते. कागदावर ते कुठेच नव्हते. तिकिटाला बाई-पुरुष कळत नव्हते. सवलत आल्यापासून वाहकाच्या हातातले यंत्र महिलेचे तिकीट वेगळ्या सवलतीखाली काढते. त्या तिकिटावर चढण्याचा टप्पा, उतरण्याचा टप्पा, वेळ असे सगळे असते. म्हणजे प्रत्येक आगाराकडे आता बायकांच्या प्रवासाचा तिकिटागणिक हिशेब जमा होत आहे. हा हिशेब सध्या मुख्यतः सरकारकडून सवलतीची भरपाई मागण्यासाठी लागतो. तो वेळापत्रक लावणाऱ्यांच्या टेबलावर यावा, यासाठी हे पत्र.

बायकांचा प्रवास वेगळा का असतो, हे आधी सांगायला हवे. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामावर ते करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. पाच तास घरकामाला बांधलेली बाई सकाळी एकदा निघून संध्याकाळी एकदा परतणारा सरळ प्रवास करू शकत नाही. तिचा प्रवास तुकड्यांचा असतो. मुलाला सोडणे, दवाखाना, बँकेत बचत गटाचा हप्ता, रेशन, बाजार, मग घर. टप्पे लहान, चढउतार जास्त, सोबत मूल किंवा पिशव्या, आणि वेळ बहुधा सकाळी दहा ते दुपारी चार. आपली वेळापत्रके नेमकी याच वेळात विरळ होतात.

एका साध्या फेरीचे उदाहरण घेऊ. गाव तालुक्यापासून २४ किलोमीटर, म्हणजे सहा किलोमीटरचा एक या हिशेबाने चार टप्पे. मुक्कामी गाडी सकाळी सहाला निघते, दुसरी साडेनऊला, तिच्या मागोमाग पावणेदहाला शेजारच्या गावाहून येणारी तिसरी त्याच रस्त्याने जाते. परतीची गाडी थेट साडेतीनला. साडेनऊच्या गाडीने आलेल्या बाईचे काम बारापर्यंत आटोपते आणि पुढचे साडेतीन तास ती स्थानकावर बसून असते. मजुरी करणारी असेल तर त्या दिवसाचा रोज बुडतो. म्हणून ती वडापने, म्हणजे खासगी जीपने जाते किंवा यायचेच टाळते, आणि मग दुपारी प्रवासी नसतात असा शेरा पडतो.

दुपारची पोकळी पडते ती कर्मचाऱ्यांच्या पाळीमुळे. सकाळची पाळी संपवून गाडी आगारात येते, डिझेल भरले जाते, चालक-वाहक बदलतात आणि दुसरी पाळी शाळा-कचेऱ्या सुटण्याच्या वेळेवर लावलेली असते. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने घालून दिलेली शिस्त पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती, अशी आहे. विश्रांती अर्ध्या तासाची; गाडी मात्र तीन-तीन तास उभी राहते. इथे नवी गाडी घ्यावी लागत नाही. वर सांगितलेल्या उदाहरणात पावणेदहाची गाडी साडेनऊच्या मागे रिकामीच धावत असते. तिची तालुक्यापर्यंतची फेरी काढून तेवढेच किलोमीटर साडेबाराच्या परतीच्या फेरीला दिले तर खर्च जवळपास तेवढाच राहतो. काहीच न काढता साडेबाराची जाऊन-येऊन फेरी वाढवली तरी दिवसाला ४८ किलोमीटर वाढतात.

हे कुठे करावे, ते तिकिटांवरून कळते. आगाराने असा तक्ता करावा: उभ्या ओळीत टप्पे, आडव्या ओळीत पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतचे तास, आणि प्रत्येक चौकोनात चढलेल्या महिलांची संख्या. त्याखाली सर्व प्रवाशांची संख्या. महिने निवडताना दिवाळी आणि लग्नसराई टाळून एक साधा महिना घ्यावा आणि दुसरा जुलै, कारण पेरणी-लावणीच्या दिवसांत कामाच्या वेळा बदलतात. आठवड्याचे वार मात्र एकत्र करू नयेत. आठवडी बाजाराच्या दिवशी एका मार्गावरची गर्दी दुप्पट होते आणि बाकीच्या सहा दिवसांच्या सरासरीत ती बुडून जाते. आपली वेळापत्रके बहुतेक ‘रोज’ या एकाच सदरात लिहिलेली असतात. ‘फक्त मंगळवारी’ अशी एक ओळ टाकायला काहीच हरकत नसावी.

तारखेचेही तसेच. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. ही तारीख देशभर ठरलेली आहे. त्या दिवशी वाड्या-वस्त्यांवरून सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका ग्रामीण रुग्णालयाकडे निघतात. सकाळी नऊच्या सुमारास पोहोचणारी आणि दुपारी एकला परत निघणारी एक फेरी ९ तारखेला रुग्णालयाच्या दारावरून न्यावी. एवढी सोपी आणि एवढ्या उपयोगाची दुसरी दुरुस्ती आम्हाला सुचत नाही. आरोग्य खात्याचा ठरलेला दिवस एसटीच्या नियतांपर्यंत, म्हणजे गाड्या आणि चालक-वाहकांच्या कामाच्या आखणीपर्यंत पोहोचत नाही, कारण ही दोन खाती वेळापत्रकासाठी कधी एका टेबलाशी बसत नाहीत.

तिकिटांच्या आकड्यांत काही जणी दिसणार नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागेल. पासवर जाणाऱ्या विद्यार्थिनींचे तिकीटच निघत नाही. मुलींना मोफत पास देणाऱ्या अहिल्याबाई होळकर योजनेतल्या आणि मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्यांतून शाळेला जाणाऱ्या मुलींची मोजणी पासांच्या नोंदींवरून वेगळी करावी लागते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी ज्येष्ठांच्या सवलतीत मोजल्या जातात आणि बारा वर्षांखालच्या मुली लहान मुलांच्या अर्ध्या तिकिटात. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे जिथे गाडीच नाही तिथले तिकीटही नाही. मागणी दाबली गेली की ती शून्य दिसते, आणि शून्यावर बोट ठेवून फेरी नाकारली जाते. यावर उपाय दोन. एक, काळी-पिवळी आणि वडापच्या थांब्यांवर अर्धा दिवस उभे राहून मोजणी. दोन, महिला सभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. तिथे वाहतूक नियंत्रकाने वेळापत्रक घेऊन जावे आणि एकच प्रश्न विचारावा: ‘गेल्या महिन्यात गाडी नव्हती म्हणून कुठे जाणे राहिले?’ ‘गाडी हवी का’ असे विचारले तर सगळे हो म्हणतात. त्या उत्तराचा उपयोग नाही.

हिशेबातली आणखी एक चूक महिलांच्या फेऱ्यांच्या मुळावर येऊ शकते. समजा एका फेरीत ४० प्रवासी आहेत, ३० महिला आणि १० पुरुष, आणि पूर्ण तिकीट ४० रुपये. पूर्ण उत्पन्न १६०० रुपये. वाहकाच्या पिशवीत येतात ३० गुणिले २० आणि १० गुणिले ४०, म्हणजे १००० रुपये. उरलेले ६०० सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. आगारात त्या फेरीचे प्रति किलोमीटर उत्पन्न हाती आलेल्या पैशांवरून काढले तर भरलेल्या गाडीचे उत्पन्न साडेसदतीस टक्के कमी दिसेल, आणि जितक्या बायका जास्त तितकी फेरी वाईट ठरेल. म्हणून भरपाईची रक्कम फेरीनिहाय जमा दाखवावी आणि फेरी चालू ठेवण्याचा निर्णय भारमानावर, म्हणजे भरलेल्या आसनांवर घ्यावा. वेळापत्रकाच्या बैठकीत ‘ही फेरी उत्पन्न देत नाही’ असे वाक्य आले की आधी विचारावे, उत्पन्न कोणते धरले?

आता गाडी. साध्या एसटीची पहिली पायरी सपाट रस्त्यापासून चारशे मिलिमीटरच्या आसपास असते आणि तिच्यावर आणखी पायऱ्या. पाच फूट उंचीच्या बाईच्या गुडघ्याच्या थोडी खाली येईल एवढी ही उंची. नऊवारी किंवा पाचवारी, कडेवर मूल, हातात पिशवी. त्यात गाडी डांबरावर आणि प्रवासी साइडपट्टीच्या खड्ड्यात उभे असले की पायरी आणखी चार-सहा इंच वर जाते. केंद्राच्या शहरी बसच्या निकषांत फरशीची उंची लो-फ्लोअरला ४०० मिलिमीटर, सेमी लो-फ्लोअरला ६५० आणि साध्या बसला ९०० मिलिमीटर अशी आहे. शहरांनी यापुढे गाड्या घेताना ४००चाच आग्रह धरावा. ग्रामीण रस्त्यांच्या उंचवट्यांवर ती गाडी तळाला घासते, म्हणून तिथे ६५०ची मागणी रास्त आहे. पण अशा नव्या गाड्या यायला वर्षे लागतील. तोवर कार्यशाळेत होण्यासारखी कामे पुष्कळ आहेत: दाराच्या दोन्ही बाजूंना उभी दांडी, तिचे खालचे टोक जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेपर्यंत, पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी, पायरीवर उजेड पडेल असा दार उघडताच लागणारा दिवा. सध्या पुष्कळ गाड्यांत दांडी आत, दुसऱ्या पायरीपासून सुरू होते. जिथे तोल जातो तिथे धरायला काही नसते.

आत उभे राहणाऱ्यांची दांडी छताजवळ असते. ती धरायला बुटक्या बाईला हात पूर्ण ताणावा लागतो, आणि कडेवर मूल असेल तर एक हात गुंतलेलाच. एकाआड एक आसनाजवळ फरशीपासून छतापर्यंत उभा खांब आणि आसनाच्या पाठीच्या कोपऱ्यावर पकड, एवढ्याने ब्रेक लागल्यावर पडणाऱ्यांची संख्या कमी होते. उभ्या खांबाचा दुसरा फायदा बायकांना वेगळा सांगायला नको. गर्दीत हात वर ताणलेला असला की शरीर उघडे पडते आणि धक्क्याचा बहाणा करणाऱ्यांचे फावते.

संकटाच्या बटणाबद्दल थोडे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थाननिदर्शक यंत्र आणि हे बटण सक्तीचे झाले. बटण बसवले म्हणून ते चालते असे नाही. यंत्रातल्या सिमची मुदत संपते, बॅटरी बदलताना तार सुटलेली राहते, नाहीतर संदेश जातो त्या पडद्यासमोर कोणी बसलेले नसते. उपाय नीरस आहे पण हमखास आहे. ब्रेक आणि दिवे तपासतात तसे आठवड्यातून एकदा आगारातून निघताना बटण दाबावे, नियंत्रण कक्षात गाडीचा क्रमांक उमटला का ते फोनवर विचारावे आणि लॉगशीटवर वेळ लिहावी. बटण बसल्या जागेवरून हात पोहोचेल एवढ्या उंचीवर असावे. खिडकीच्या वर बसवलेले बटण दडपणाखाली बसलेल्या मुलीच्या कामाचे नाही.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्यात स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाल्याची घटना सर्वांच्या स्मरणात आहे. त्यानंतर सुरक्षारक्षक आणि कॅमेरे यांवरच बोलणे झाले. तेव्हा समोर आलेल्या माहितीनुसार गाडी दुसरीकडे उभी असल्याचे सांगून तिला तिकडे नेण्यात आले होते. स्थानकाच्या रचनेशी थेट संबंध आहे तो या गोष्टीचा. आपली गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे अनोळखी माणसाला विचारावे लागते, ते स्थानक बाईसाठी असुरक्षितच. पहाटे चार ते सात आणि रात्री नऊनंतर चौकशी खिडकी उघडी हवी, फलाट क्रमांक लावलेला आणि दिसणारा हवा, घोषणा चालू हव्यात. रात्री फेऱ्या कमी असतात तेव्हा त्या सगळ्या चौकशी खिडकीसमोरच्या दोन-तीन फलाटांवरूनच सोडाव्यात. दहा फलाटांवर विखुरलेल्या दहा माणसांपेक्षा एका ठिकाणची दहा माणसे सुरक्षित. आणि मुक्कामाला उभ्या केलेल्या गाडीचे दार कुलूपबंद करणे हे कोणा एकाच्या नावावर लिहिलेले काम असावे. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही.

थांब्यांची जागा रस्ता बांधणारा ठरवतो आणि त्रास बसवाल्याला होतो. शहरात थांब्यासमोर रिक्षा आणि दुचाकी लागलेल्या असतात, बस दुसऱ्या रांगेत थांबते आणि बाई मुलाला घेऊन चालत्या वाहनांत उतरते. बसबे, म्हणजे पदपथात खोबणी करून केलेला थांबा, कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात चालक आत शिरत नाही, कारण परत रांगेत यायला त्याला कोणी जागा देत नाही, आणि रिकामी खोबण पार्किंग होते. त्याऐवजी पदपथच थांब्यापाशी बसच्या मार्गिकेपर्यंत पुढे आणावा. गाडी सरळ रेषेत कडेला लागते, पार्किंगला जागाच राहत नाही, आणि १५० मिलिमीटर उंचीच्या पदपथावरून चढताना चारशेची पायरी अडीचशेची होते. पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी असे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे मार्गदर्शन आहे. थांब्याची शेड त्या १.८ मीटरमध्येच उभी केली तर चालणाऱ्या बायका पुन्हा रस्त्यावर.

शेडच्या ज्या बाजूने बस येते त्याच बाजूला जाहिरातीचा फलक असतो. त्यामुळे येणारी बस दिसत नाही आणि आत कोण बसले आहे ते बाहेरून दिसत नाही. तो फलक दुसऱ्या बाजूला हलवावा. दिवा रस्त्याच्या मध्यभागी, बारा-पंधरा फुटांवर झाडाची फांदी, आणि खाली थांब्यावर अंधार, हे चित्र सगळीकडे दिसेल. फांदीच्या खाली, दहा-बारा फुटांवर थांब्यासाठी वेगळा दिवा लागतो. थांबा दोनशे पावले पुढेमागे करता येत असेल तर लांब कंपाउंडच्या भिंतीपासून हलवून औषधाच्या दुकानासमोर न्यावा. थांब्याची पाहणी अधिकाऱ्यांनी दुपारी नव्हे, रात्री आठनंतर चालत जाऊन करावी. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराने १९९६ पासून रात्री महिलांना दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळ उतरण्याची मुभा दिली. आपल्याकडे समजूतदार वाहक हे न सांगता करतातच. त्याचे लेखी परिपत्रक निघाले तर कुणाच्या समजूतदारपणावर अवलंबून राहावे लागणार नाही.

शहरातल्या भाड्याचाही विचार बायकांच्या तुकड्यांच्या प्रवासाला धरून झालेला नाही. मुंबईत ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे साध्या बसला पाचवरून दहा आणि वातानुकूलित बसला सहावरून बारा रुपये झाले. सरळ एकदा जाऊन येणाऱ्याला बसच्या दोन चढणी, म्हणजे दोन तिकिटे लागतात. शाळा, काम, बाजार करत घरी येणाऱ्या बाईला चार, म्हणजे २० रुपयांचे ४०. पहिल्या चढणीपासून दोन तास कितीही वेळा बस बदलता येईल असे वेळेचे तिकीट हा यावरचा सरळ उपाय. महिलांसाठी वेगळ्या बसगाड्यांना आमचा विरोध नाही. पण चर्चगेट–बोरिवली महिला विशेष लोकल ५ मे १९९२ पासून टिकली, ती तिच्या मागेपुढे दर काही मिनिटांनी दुसऱ्या गाड्या होत्या म्हणून. तासाला एक महिला-बस सोडण्यापेक्षा दहा मिनिटांना एक साधी बस बायकांच्या जास्त कामाची.

स्वच्छतागृहाविषयी इतके लिहिले जाते की आम्ही फक्त तपासणीची यादी देतो: आतून लागणारी कडी, पिशवी अडकवायला खुंटी, झाकणाची कचरापेटी, नळाला पाणी, आत दिवा, आणि दार स्थानकाच्या मागे नव्हे, फलाटाकडे. बाळाला दूध पाजण्यासाठी असलेल्या हिरकणी कक्षाची किल्ली कोणाकडे आहे ते कक्षाच्या दारावर लिहिलेले असावे. लांब पल्ल्याच्या गाडीचा जेवणाचा थांबा ठरवताना तिथल्या महिला स्वच्छतागृहाची पाहणी करूनच परवानगी द्यावी. महिला वाहकांना मुक्कामी नियत लावताना गावात रात्री राहण्याची बंद खोली आहे का, हे नियत लावणाऱ्याने विचारायला हवे. नसेल तर ती पाळी बदलावी, तिच्यावर गैरहजेरी लावू नये.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. त्यासाठी नियतांची फेरमांडणी मे महिन्यात होते. तेव्हा विभाग नियंत्रकांनी मार्च-एप्रिलमध्येच प्रत्येक आगाराकडून वर सांगितलेला तास आणि टप्पे यांचा तक्ता मागवावा आणि तो आगाराच्या चौकशी खिडकीशेजारी, वेळापत्रकाच्या फळ्याला लागून चिकटवावा. कोणत्या तासाचे चौकोन भरलेले आहेत आणि त्या तासाला फळ्यावर गाडी आहे की नाही, हे मग खिडकीपाशी उभ्या असलेल्या कोणत्याही बाईला स्वतः पाहता येईल.

आपले,
सार्वजनिक वाहतुकीच्या नियोजनात काम करणारे काही जण